काळजातील मेद आणि रक्तातील बिंबिका

काळीज म्हटले की आपण हृदय समजतो. परंतु खाटकाच्या दुकानी काळीज मागितले तर तो यकृतच तोलून देतो, आणि माझ्या मते त्याचेच बरोबर आहे. या खऱ्या काळजात मेद साठण्याचा जो विकार हल्ली घरोघर ऐकू येतो, त्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

हा विकार मद्यप्यांचाच, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग यांनी, मद्याला न शिवणाऱ्यांच्या यकृतातही तशीच विकृती होते, हे दाखवून दिले. आपल्या मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, वीस वर्षांवरील सुमारे १९ टक्के लोकांच्या यकृतात मेद आढळला. आणि हे काही रुग्णालयात आलेले रोगी नव्हते. (हेच डॉ. अमरापूरकर २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात रस्त्यावरील उघड्या गटारात पडून गेले. त्यांचे नाव घेताना जीभ अडखळते.)

"मी तर सडपातळ आहे," असे कोणी म्हणेल. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. पण अंगातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के! आपली हाडे-पेरे अशी फसवी आहेत.

आता बिंबिका. जखमेतून वाहणारे रक्त थांबविणाऱ्या या सूक्ष्म कणिका मेदाने भरलेल्या यकृतात गोळा होतात आणि दाहाला खतपाणी घालतात, असे २०१९ साली स्वित्झर्लंड व जर्मनीतील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले. बिंबिकांना आवर घालणारी औषधे दिली असता त्या उंदरांचा विकार ओसरला. मग २०२४ साली बोस्टन येथील प्रयोगाचे फळ प्रसिद्ध झाले. यकृत अद्याप निबर न झालेल्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. सहा महिन्यांनी ॲस्पिरिन घेणाऱ्यांच्या यकृतातील मेदाचे प्रमाण सरासरीने ६.६ टक्क्यांनी उतरले होते, इतरांचे ३.६ टक्क्यांनी चढले होते. आशा वाटावी असाच हा निकाल आहे. परंतु माणसे अवघी ऐंशी, आणि यकृत निबर होण्याचे टळते की नाही, हे सहा महिन्यांत कळावयाचे नाही.

बोरिवलीच्या माझ्या एका स्नेह्यांनी एवढी बातमी वाचली आणि थोरल्या बंधूंच्या हृदयविकाराच्या गोळ्यांतील एक रोज घेण्यास प्रारंभ केला. स्वस्त गोळी, विचारावयाचे काय! तीन आठवड्यांनी, ऐन श्रावणात, त्यांना डेंग्यूचा ताप भरला. या तापात बिंबिकांची संख्या आधीच घसरते. ज्या उरतात त्यांनाही ॲस्पिरिन निकामी करते, आणि एकदा निकामी झालेली बिंबिका तिचे आठ-दहा दिवसांचे आयुष्य संपेपर्यंत पुन्हा कामी येत नाही. हिरड्यांतून रक्त येऊ लागले. डॉक्टरांनी विचारले तेव्हा गृहस्थ गप्प. गोळीची डबी पुढे केली ती वहिनींनी. ते बचावले.

आमच्या उपनगरांत पावसाळा आणि डेंग्यू यांचा सहवास ठरलेला, म्हणून मी ही हकीकत सांगितली. शिवाय हे औषध पोटातही रक्तस्राव घडविते. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी ते दिले असेल, त्यांनी मात्र माझे भाषण ऐकून बंद करू नये. ती गोष्ट निराळी.

स्नेह्यांच्या डॉक्टरांनी त्यांना आता वजन सात टक्के उतरविण्यास सांगितले आहे; तेवढ्याने यकृतातील मेद व दाह दोन्ही उतरतात, हे पुष्कळ प्रयोगांनी ठरलेले आहे. पहाटे ते राष्ट्रीय उद्यानात फिरावयास जातात. गेल्या रविवारी भेटले, तेव्हा साडेतीन किलो उतरले होते. परतीच्या वाटेवरील वडा सोडवत नाही, अशी तक्रार मात्र होती.