नादारी आणि गाडी

'नादार' हा शब्द फारसीतून मराठीत आला. ज्याच्याजवळ काही नाही, तो नादार. शाळेत फी माफ झाली की आपण 'नादारी मिळाली' म्हणत असू. कोर्टातली नादारी एवढी सोपी नाही.

गाडीचे हप्ते थकले की कुणीतरी सांगतो, 'नादारीचा अर्ज कर, सुटशील.' मुंबईत त्यासाठी १९०९ चा कायदा आहे, जिल्ह्यांत १९२० चा. पण गाडी बँकेकडे तारण असते आणि तारणावरचा बँकेचा हक्क नादारीने जात नाही. बँक गाडी विकते. विकून जी रक्कम कमी पडते, तेवढ्याच देण्यातून कर्जदार सुटतो, तेही कोर्टाने मुक्त केल्यावर. जामीनदार मात्र सुटत नाही. तो बहुधा आपला मेहुणा असतो, नाहीतर जुना मित्र.

म्हणून पहिला हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन मुदत मागावी. गुंड पाठवून वसुली करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावले आहे. इस्लाममध्ये जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही येतो. तेव्हा कर्जदाराने लाज धरू नये. फक्त अर्ज करण्याआधी जामीनदाराच्या घरी जावे आणि सारे खरे सांगावे.