मागच्या बाकावरून दिसणारा वर्ग



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी शिक्षणाचा विचार व्हावा हे स्वाभाविकच आहे. मात्र शिक्षणाविषयी बोलताना बहुधा इमारतींचा, निकालांचा आणि गुणवंतांचाच उल्लेख होतो. आजचा विषय त्याहून लहान आणि काहीसा दुर्लक्षित आहे. शिक्षक होऊ पाहणारा तरुण किंवा तरुणी अनुभवी शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर वही घेऊन बसते. तेथून तिला काय दिसते आणि काय दिसावयास हवे, हा तो विषय होय. अध्यापक विद्यालयांच्या परिभाषेत याला पाठ-निरीक्षण असे म्हणतात.

लोणंदच्या परिसराशी या विषयाचे जवळचे नाते आहे. लोणंद ज्या खंडाळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे सर्वश्रुत आहे. त्या शाळेच्या मुळाशी एक निरीक्षण होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस फरार मुलींच्या शाळा चालवीत असत. जोतीरावांनी एका मित्रासमवेत त्या शाळा पाहिल्या. तेथील मुलींना शिकविण्याची पद्धत त्यांना पसंत पडली आणि पुण्यास परतल्यावर त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. ही हकिकत त्यांनी स्वतःच सांगितली असून ती १८५३ साली 'ज्ञानोदय' पत्रात प्रसिद्ध झाली. सावित्रीबाईंना प्रथम जोतीरावांनी घरीच शिकविले. पुढील अभ्यासात सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांचे साहाय्य झाले. नगरला मिस फरार आणि पुण्यात मिचेलबाई यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. शिकविण्यापूर्वी शिकविणे पाहावे लागते, ही जाण या मातीतील पहिल्या शिक्षिकेच्या घडणीतच होती.

हाच धागा पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हाती घेतला. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक हे त्यांचे मूळ गाव. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये तिचे कार्य साताऱ्यास आणले. खेडोपाडी शाळा काढावयाच्या तर खेड्याला समजून घेणारा शिक्षक हवा, हे त्यांनी ओळखले. म्हणूनच १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. त्यालाच पुढे महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. संस्थेचे पहिले महाविद्यालय १९४७ साली निघाले, म्हणजे त्याआधी बारा वर्षे शिक्षक घडविण्याची सोय झाली होती. हा क्रम विचार करण्यासारखा आहे. माध्यमिक शिक्षकांसाठी १९५५ मध्ये साताऱ्यातच आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले.

शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला छात्राध्यापक म्हटले जाते. तो प्रथम पुस्तकातून अध्ययनाची तत्त्वे शिकतो. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठिणाकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे ही सूत्रे त्याला मुखोद्गत असतात. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट यांच्या अनुयायांनी रूढ केलेली पंचपदी तो पाठ टाचणात उतरवितो. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या सूक्ष्म अध्यापनाच्या पद्धतीने तो प्रश्न विचारणे, फलकलेखन, स्पष्टीकरण अशी एकेक कौशल्ये काही मिनिटांच्या पाठांतून घोटतो. त्यानंतर सराव पाठ आणि आंतरवासिता येते. २०१४ च्या राष्ट्रीय नियमांनी बी. एड्. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यातील २० आठवडे प्रत्यक्ष शाळांतील कामासाठी राखले. सूत्रे पुस्तकात शिकता येतात. परंतु ती खरी कोठे ठरतात आणि कोठे अडतात, हे केवळ वर्गातच कळते.

एक साधे उदाहरण घेऊ या. दुसरी-तिसरीच्या वर्गात हातच्याच्या वजाबाकीचा पाठ चालू आहे. फळ्यावर गणित आहे ५२ वजा २७. शिक्षकांचे अक्षर सुवाच्य, आवाज स्पष्ट, पायऱ्या अचूक. शेवटी ते विचारतात, "समजले का?" सारा वर्ग एका सुरात उत्तरतो, "हो!" निरीक्षण वहीत नोंद होते की पाठ उत्तम झाला. परंतु त्याच वेळी मागच्या बाकापाशी एक मूल वहीत ३५ हे उत्तर लिहिते. फळ्यापासून ते दिसत नाही, मागच्या बाकावरून मात्र स्पष्ट दिसते. हे उत्तर निष्काळजीपणाचे आहे काय? मुळीच नाही. मुलाने पाचातून दोन वजा केले, तीन उरले. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले, पाच उरले. मोठ्यातून लहान वजा करावयाचे, हा त्याला पूर्वी शिकविलेला नियम त्याने इमानाने पाळला. चूक उत्तरामागेही एक रीत असते. ती रीत ज्याला दिसली, त्याला पुढचा उपाय सुचतो. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलाच्या हाती दिल्या आणि त्यांतून सत्तावीस काड्या मागितल्या, की एक गठ्ठा सोडल्याशिवाय भागत नाही, हे त्याच्या बोटांनाच कळते. 'मूर्ताकडून अमूर्ताकडे' हे सूत्र अशा क्षणी पुस्तकातून उठून वर्गात येते.

शिकविणे झाले म्हणजे शिकणे झाले असे नव्हे. पाठ-निरीक्षणातून घ्यावयाचा मुख्य धडा हाच आहे. छात्राध्यापकाची दृष्टी साहजिकच शिक्षकावर खिळते, कारण उद्या त्याला तेथे उभे राहावयाचे असते. तीच दृष्टी मुलांकडे वळली की निरीक्षणाला खरा आरंभ होतो.

सरावाच्या तत्त्वाचेही असेच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि पुढे सज्जता, सराव व परिणाम हे अध्ययनाचे नियम मांडले. पाढे घोकून घेणारी प्रत्येक शाळा सरावाच्या नियमावर विसंबते. परंतु याच थॉर्नडाइकांनी नंतर आपल्या मताला मुरड घातली. डोळे मिटून चार इंच लांबीची रेघ पुनःपुन्हा काढावयास सांगितलेल्या आणि ती बरोबर आली की नाही हे न कळविलेल्या लोकांत, कितीही रेघा काढल्या तरी सुधारणा झाली नाही. कसे झाले ते कळल्याखेरीज केवळ पुनरावृत्तीने शिकणे होत नाही. तपासल्याविना परत आलेली वही हीही डोळे मिटून काढलेली रेघच होय. छात्राध्यापकाने कोणत्या मुलाची वही तपासली गेली आणि कोणाची राहिली, एवढे टिपले तरी त्याला पुष्कळ समजेल.

दुसरी नोंद घड्याळाची. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती वेळ थांबतो? अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात असे आढळले, की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. मग प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला उठवितात किंवा स्वतःच उत्तर देतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि सहसा न बोलणारी मुलेही बोलू लागतात. मराठी दुसरी भाषा असलेल्या किंवा घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला हे दोन सेकंद किती मोलाचे असतील, याची कल्पना करता येईल.

लोणंद ही कांद्याची पेठ आहे. तेव्हा बाजाराविषयीही एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. ब्राझील देशातील रेसिफे शहरात रस्त्यावर फळे-खाद्यपदार्थ विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर येत. तीच गणिते कागदावर केवळ आकड्यांत मांडली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. मुले तीच, बुद्धीही तीच; फक्त प्रश्न त्यांच्या ओळखीच्या जागेतून उचलला गेला. पाच मुलांवरून सर्व जगाचा निष्कर्ष काढू नये, हे खरे. तरीही बाजारपेठेच्या गावातील शिक्षकाने यातून बोध घ्यावा. गोण्या, क्विंटलचा भाव, हमाली, सुटे पैसे हे ज्याच्या कानावर रोज पडते, त्या मुलाचे ज्ञात कोठे आहे, हे छात्राध्यापकाने शोधावे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावयाचे तर ते ज्ञात मुलाचे असले पाहिजे, शिक्षकाचे किंवा पाठ्यपुस्तकाचे नव्हे.

निरीक्षणाची खरी कसोटी मात्र वर्गात नसलेल्या मुलापाशी लागते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. मोरगाव येथे जन्मलेल्या प्रशिक्षित शिक्षिका अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखण्यासाठी रानात जात, म्हणून शाळा कुरणात गेली आणि 'कुरणशाळा' हा शब्द मराठीत आला. हजेरीपटावरील गैरहजेरीची खूण म्हणजे एक प्रश्न आहे, असे त्या दोघींनी मानले. छात्राध्यापकानेही उपस्थित मुले मोजून थांबू नये. कोण आले नाही आणि का आले नाही, हेही त्याच्या वहीत यावे.

या सर्व गोष्टींसाठी वेळ लागतो, आणि येथेच अडचण आहे. निरीक्षण हे अनेकदा छापील तक्ता भरण्याचे काम होऊन बसते. प्रस्तावना समर्पक, फलकलेखन सुंदर, वर्गनियंत्रण चांगले, असे ठरावीक शेरे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरतात. अशा नोंदीने गुण मिळतील, दृष्टी मिळणार नाही. ज्या छात्राध्यापकाने एकाच मुलाकडे संपूर्ण तासिकाभर लक्ष देऊन त्याने काय लिहिले, कधी खोडले, कोणाकडे पाहिले, हे दहा ओळींत लिहिले, त्याने शंभर शेऱ्यांहून अधिक कमावले.

समाजालाही यात कर्तव्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. उपस्थितांपैकी कित्येकांना ही जबाबदारी लाभली असेल किंवा पुढे लाभेल. शाळेत छात्राध्यापक आले की त्यांना रिकाम्या तासिका सांभाळणारी माणसे समजू नये. त्यांना वर्गात बसू द्यावे. महिन्याअखेर त्यांना बोलावून एकच प्रश्न विचारावा, "तुम्हांला आमच्या मुलांत काय दिसले?" अनुभवी शिक्षकांनीही मागे बसलेल्या तरुण डोळ्यांचा संकोच बाळगू नये. फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला जे दिसू शकत नाही, ते सांगणारा मनुष्य विनासायास लाभला आहे, असेच समजावे.

नायगावची कन्या शिक्षिका झाली, कारण कोणी तरी एक वर्ग डोळसपणे पाहिला होता. आज या परिसरातील शाळांत कोठे तरी एखादे मूल ५२ वजा २७ बरोबर ३५ असे लिहीत असेल आणि "समजले का?" या प्रश्नाला इतरांबरोबर "हो" म्हणत असेल. त्याची वही पाहणारा शिक्षक घडावा, त्याच्या घडणीसाठी वर्गाची दारे खुली राहावीत, हीच या मंगल प्रसंगी सर्वांना नम्र विनंती.