नाव कळण्याआधी काठी नको

(एका गृहरचना संस्थेच्या सभागृहात पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)



‘आपल्या अंगणातील वन्यजीव’ हा आजचा विषय. वन्यजीव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबाचा वाघ उभा राहतो. वास्तविक तुळशीवृंदावनापासून मागच्या दारच्या अळवाच्या वाफ्यापर्यंत एक लहानसे अरण्य आपल्या सोबतीने नांदत असते. आपण त्याची ओळख करून घेतलेली नसते, इतकेच. ती ओळख नसल्यामुळे काय घडते, हे सांगण्यासाठी मी स्वतःच्याच एका अपराधाच्या कबुलीने प्रारंभ करतो.

२००४ सालचा पावसाळा. रात्री साडेनऊच्या सुमारास न्हाणीघराबाहेर भिंतीच्या कडेने हातभर लांबीचा एक साप सरकताना दिसला. गडद अंगावर पांढुरके पट्टे. आई ओरडली, “मण्यार आहे रे, मण्यार!” मी काठी उचलली आणि क्षणार्धात सारे संपले. सकाळी गल्लीतील एक सर्पमित्र तरुण आला. मेलेला साप निरखून तो शांतपणे म्हणाला, “दादा, हा कवड्या. बिनविषारी. पाली खायला आला होता.” त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच अधिक बोचले. शहानिशा केल्यावाचून बातमी छापू नये, हे वृत्तपत्रात नवोदितांना शिकवणारा मी, घरच्या अंगणात मात्र शहानिशेआधीच शिक्षा देऊन मोकळा झालो होतो.

कवड्या आणि मण्यार हे दोन्ही निशाचर, दोन्ही घराच्या आसपास वावरणारे. परंतु नीट पाहिले तर भेद कळतो. मण्यार काळीभोर, निळसर झाक असलेली, चकचकीत. तिचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने असलेले, डोक्याकडे विरळ वा नाहीसे आणि शेपटीकडे ठळक होत जाणारे. कवड्याचा रंग तपकिरी. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. एवढे ध्यानात ठेवले असते, तर माझ्या हातून तो जीव गेला नसता.

परंतु याची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने सांगितली पाहिजे. कवड्या समजून मण्यारीला हात लावणे जिवावर बेतू शकते. लहान पिलांत हे भेद फसवे असतात आणि अंधारात तर जाणकारही चकतो. म्हणून ओळख लांबूनच करायची. साप दिसला की पाच-सहा हात दूर थांबावे, मुलांना मागे घ्यावे, त्याच्यावर नजर ठेवावी आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाला बोलवावे. आपल्याकडे सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंना मुख्यतः चार साप कारण ठरतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांत मण्यारीचा दंश फसवा. वेदना नाममात्र असते, खूण दिसेलच असे नाही. पुष्कळदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री दंश होतो आणि काही तासांनी पापण्या जड होतात, श्वास अडू लागतो. अशा वेळी मंत्र-तंत्र, चिरा देणे, करकचून दोरी बांधणे यांत एक क्षणही दवडू नये. रुग्णाला फार हालचाल करू न देता रुग्णालय गाठावे. या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष तेथे मिळते आणि तोच खरा उपाय आहे.

रूप पाहून फसणारे केवळ आपणच नव्हे. बागेतील कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन नावाचे फुलपाखरू अंडी घालते. त्याच्या काही माद्या हुबेहूब क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरासारख्या दिसतात. पक्षी बिचकतात आणि मादी वाचते. आपण मात्र पाहू शकतो की खऱ्या क्रिमझन रोझचे शरीर लाल असते, नक्कल करणारीचे काळे. ह्याच कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा ठिपका म्हणजे कोवळी अळी. पुढे ती हिरवी होते. आपण औषध फवारतो आणि मग बागेत फुलपाखरे का येत नाहीत म्हणून हळहळतो! २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉर्मनही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते. चार पाने त्यांच्यासाठी सोडली तर आपल्या आमटीचे काही बिघडत नाही.

ओळखायला शिकावे कसे? महागडी दुर्बीण नंतर घ्या, आधी एक साधी वही घ्या. तारीख, वेळ आणि जागा लिहा. पक्षी चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, ते लिहा. चोच, शेपटी, चाल आणि आवाज यांची नोंद करा. केवळ रंगावर विसंबू नका, कारण नर आणि मादी पुष्कळदा अगदी निराळे दिसतात. जास्वंदीवर येणारा जांभळा सूर्यपक्षी पाहा. विणीच्या दिवसांत नर काळाजांभळा चमकतो, तर मादी पिवळसर आणि साधी. दोघे दोन जातींचे वाटावेत! पाने शिवून घरटे करणारा शिंपी, कुंपणातून दबकत चालणारा भारद्वाज, उगाच बदनाम झालेली निरुपद्रवी सापसुरळी... वर्षभरात वही भरते आणि आपले अंगण आपल्याला नव्याने भेटते.

डॉ. सलीम अली यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. बालपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती, हे विचारायला तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मिलार्डसाहेबांनी त्याला हाकलले नाही. त्यांनी चिमणीची ओळख सांगितली आणि संग्रहातील पक्षी उघडून दाखवले. नाव त्यांनीही मारल्यानंतरच विचारले होते. परंतु त्या एका प्रश्नाने भारताला पक्षिशास्त्रज्ञ दिला.

नागपंचमीला आपल्या घरांतून पाटावर नाग रेखून त्याची पूजा होते. पूजेचा तो हात दुसऱ्या दिवशी काठीकडे जाणार असेल, तर पूजेचा अर्थ आपल्याला कळला नाही, असेच म्हणावे लागेल. उद्या तुमचा नातू धावत येऊन म्हणेल, “आजोबा, बागेत काहीतरी आहे!” तेव्हा “मार त्याला” असे म्हणू नका. “लांब उभा राहा, आपण आधी पाहू कोण आहे ते,” असे म्हणा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्या कवड्याची नोंद आहे. तुमच्या वहीचे पहिले पान जिवंत प्राण्याचे असो, एवढीच विनंती.