पंपिंग २५ टक्के, मग पुढे काय?

हार्ट फेल्युअरच्या पेशंटचे नातेवाईक फाइल टेबलावर ठेवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, पंपिंग किती आलंय?" आज या आकड्याबद्दल बोलू, आणि आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर त्याच्या पलीकडे काय बघायचं, त्याबद्दलही.

पंपिंग म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. डाव्या मोठ्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर फेकलं जातं, त्याचं हे माप. निरोगी हृदयातही ते साधारण ५५ ते ७० असतं. त्यामुळे ३० टक्के पंपिंग म्हणजे ७० टक्के हृदय बंद पडलं, असा अर्थ काढू नका. दुसरं म्हणजे, टू-डी इकोच्या दोन रिपोर्टांत चार-पाच टक्क्यांचा फरक नुसता मोजणीतलाही असू शकतो. ३० चे २७ झाले म्हणून घरात रडारड नको, आणि २५ चे २९ झाले म्हणून गोळ्या बंद करणं तर मुळीच नको.

आता समजा दोन पेशंट आहेत. दोघांचं पंपिंग २५. एकाला पूर्वी मोठा अटॅक येऊन गेलाय, तिथला स्नायू मेला आणि व्रण उरला. दुसऱ्याचे ठोके कित्येक आठवडे अनियमित आणि फार वेगाने पडत होते, त्यामुळे हृदय थकलंय. स्नायू मात्र जिवंत आहे. इकोवर आकडा एकच दिसतो. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम देऊन चित्रं काढली की पहिल्याचा व्रण पांढरा उठून दिसतो. दुसऱ्यामध्ये तसा व्रण नसेल, तर ठोके ताब्यात आणून आणि औषधं देऊन हृदय बरंच सावरण्याची आशा असते.

याच्या उलटही घडतं. पंपिंग ६० आहे, तरी दोन जिने चढताना धाप लागते, पाय सुजतात. हृदयाच्या भिंती जाड झाल्या असतील तर अमायलॉइड नावाचं प्रथिन साचलंय का, हा प्रश्न विचारावा लागतो. त्यासाठी एक न्यूक्लिअर स्कॅन असतो, सोबत रक्त-लघवीच्या ठरावीक तपासण्या कराव्याच लागतात. म्हणून "पंपिंग नॉर्मल आहे, काळजी नको" हे वाक्य नेहमीच खरं नसतं.

आजार बळावला की प्रश्न बदलतात. डाव्या कप्प्याला मदत करणारं यंत्र, म्हणजे एलव्हॅड, बसवायचं असेल तर आधी उजवा कप्पा नीट बघतात. कारण यंत्रापर्यंत रक्त पोचवायचं काम उजव्या बाजूलाच करावं लागतं. ती बाजू लुळी असेल तर यंत्राला ओढायला रक्तच पुरत नाही. महाधमनीची झडप गळते का, कप्प्यात गुठळी आहे का, हेही इकोत पाहतात. हृदय प्रत्यारोपणाआधी फुप्फुसांतला दाब कळावा लागतो. इको त्याचा अंदाज देतो, पण निर्णयासाठी उजव्या हृदयात कॅथेटर घालून तो मोजतात. दाब फार वाढलेला असेल आणि औषधांनीही उतरत नसेल, तर नवं हृदयसुद्धा त्यापुढे हात टेकतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पंपिंग वर्षभर २५ वरच आहे, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण त्या वर्षात दोन-तीनदा ॲडमिट व्हावं लागलं, बीपी खाली राहतं म्हणून गोळ्या कमी कराव्या लागल्या, क्रिएटिनिन चढतंय. आकडा तिथेच आहे, माणूस मात्र खाली चाललाय. मोठ्या केंद्रात दाखवायची वेळ हीच. किडनी आणि यकृत थकल्यावर गेलात, तर यंत्र आणि प्रत्यारोपण हे दोन्ही रस्ते बंद झालेले असू शकतात.

तेव्हा जाताना जुने सगळे इको रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, सीडी असतील तर त्याही. पेसमेकर किंवा किडनीचा त्रास असेल तर एमआरआयआधी आठवणीने सांगा. आणि कुठलीही तपासणी लिहून दिली की विचारा, "डॉक्टर, याच्या रिपोर्टवरून उपचारात काय बदलेल?" हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. पंपिंगच्या आकड्यापेक्षा त्याचं उत्तर तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.