मेलबर्नचा चौथा क्रमांक



पुणें जिल्ह्यांतील बारामती व इंदापूर या तालुक्यांत खेळ म्हटला म्हणजे कुस्ती, हुतुतू आणि खोखो हेच प्रथम आठवतात. फुटबॉल तिकडे त्या मानानें परका. तरीही १९५६ सालीं मेलबर्न येथील ऑलिंपिकमध्यें भारतीय फुटबॉल संघानें जी मजल मारली, तिचें मर्म तेथील शेतकऱ्यास चटकन उमजेल, असें मला वाटतें. कां, तें ओघानें सांगतों.

या हकीकतीचा आरंभ एका पराभवांत आहे. १९५२ सालीं हेलसिंकी येथें युगोस्लाव्हियानें आपल्या संघाचा १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बरेचसे खेळाडू त्या दिवशीं अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. पण नुसत्या बुटांनीं खेळ सुधारत नाहीं. संघाचे मार्गदर्शक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. मूळचा पेशा शिक्षकाचा. चेंडू पायांत घोळवीत एकट्यानेंच पुढें जाण्याची हौस त्यांनीं मोडली, आणि लहान लहान टप्प्यांनीं तो सोबत्याकडे देत जाण्याची शिस्त लावली.

मेलबर्नला हंगेरीनें माघार घेतल्यामुळें पहिल्या फेरींत आपणांस पुढें चाल मिळाली. १ डिसेंबर रोजीं यजमान ऑस्ट्रेलियाशीं गांठ पडली. आपण दोनदां आघाडी घेतली, दोनदां त्यांनीं बरोबरी साधली; अखेर ४-२ असा विजय आपला झाला. त्यांतील तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिकमधील एका फुटबॉल सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू.

उपान्त्य सामन्यांत समोर उभा राहिला तोच युगोस्लाव्हिया. पूर्वार्ध कोरा गेला. उत्तरार्धांत नेव्हिलनें पहिला गोल केला, आणि चार वर्षांपूर्वीं ज्यांनीं आपणांस धुळीस मिळविलें, त्यांच्यावर आपण कांहीं क्षण आघाडीवर होतों! पुढें ४-१ अशी हार झाली. त्यांतला एक गोल तर आपल्याच खेळाडूकडून झाला. तिसऱ्या क्रमांकासाठीं बल्गेरियाशीं ०-३ असे हरलों. पदक हुकलें, चौथा क्रमांक राहिला.

आतां कालव्याची गोष्ट. नीरा डावा कालवा बारामतींतून इंदापुराकडे जातो. वरच्यानें आपली पाळी संपतांच पाणी पुढें सोडलें, तरच शेवटच्या गांवचा ऊंस तगतो. अडवून धरणाऱ्याचें एक शेत भिजतें आणि खालचा मुलूख वाळतो. रहीमसाहेबांचा फुटबॉल हाच होता. नेव्हिल कालव्याच्या शेवटाशीं उभा होता. वरच्या दहाजणांनीं चेंडू सोडला, म्हणून त्याच्या पायाशीं पीक आलें.

१९६२ सालीं जाकार्ता येथें याच मार्गदर्शकाच्या हाताखालीं आशियाई सुवर्णपदक मिळालें. पुढच्याच वर्षीं रहीमसाहेब निवर्तले. १९६० च्या रोमनंतर ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्यें भारताचा पुरुष संघ पुन्हां उतरलेला नाहीं.

१५ सप्टेंबर २०१७ रोजीं, सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाच्या निमित्तानें, साऱ्या महाराष्ट्रांत एक दिवस फुटबॉल खेळला गेला. तो उत्सव चांगलाच होता. परंतु एका पाळीनें ऊंस पिकत नाहीं, हें इंदापूरच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. १०-१ पासून त्या आघाडीपर्यंतचें अंतर चार वर्षांच्या नेमानें कापलें गेलें होतें. गांवोगांवच्या शाळांतून तसा नेम सुरू झाला, तर चौथ्याच्या पुढचा क्रमांकही दूर नाहीं.