पेटींतील इंजिन पुन्हां रुळांवर

वापरानें यंत्र झिजतें, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु वर्षानुवर्षें न वापरतां ठेवलेलें यंत्रही बिघडतें, आणि तें निराळ्या रीतीनें बिघडतें, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. माळ्यावरील पेटींत तीस-चाळीस वर्षें कागदांत गुंडाळून ठेवलेलें खेळण्याचें विजेचें इंजिन हें याचें उत्तम उदाहरण होय. रंग शाबूत, चाकें शाबूत, नांवाची पाटीही स्वच्छ वाचतां येते. पण रुळांवर ठेवून प्रवाह सोडला कीं कधीं बारीकसें गुंजन ऐकूं येतें, कधीं तेंही येत नाहीं.

लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीच्या ‘हॉर्नबी डब्लो’ गाड्या या दृष्टीनें पाहण्यासारख्या आहेत. त्या १९३८ सालीं बाजारांत आल्या. इंजिनें खऱ्या इंजिनांच्या सुमारें ७६ व्या हिश्शाएवढीं, आणि रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर. मधोमध तिसरा रूळ असे. त्यांतून १२ व्होल्टचा प्रवाह इंजिनाच्या पोटाखालील स्पर्शपट्टीवाटे मोटारींत जाई आणि चाकांवाटे बाहेरच्या रुळांत परत येई. ‘सर नायजेल ग्रेस्ली’ या वारा कापीत जाणाऱ्या निमुळत्या बांध्याच्या इंजिनाची प्रतिकृति या गाड्यांत होती. त्याच वर्गांतील ‘मॅलर्ड’ या खऱ्या इंजिनानें ३ जुलै १९३८ रोजीं ताशीं १२६ मैलांचा वेग गांठून वाफेच्या इंजिनांचा उच्चांक प्रस्थापित केला होता. महायुद्धांत या गाड्यांचें उत्पादन थांबलें, युद्धानंतर पुन्हां सुरू झालें, आणि १९६४ सालीं कंपनी दुसऱ्या मालकांच्या हातीं गेली. इंजिनें मात्र आजही ब्रिटनमधील जुन्या घरांच्या माळ्यांवरून निघत असतात.

असें इंजिन हातीं येतांच त्याला प्रवाह देण्याचा मोह होतो, आणि बहुतेक इंजिनांचा घात तेथेंच होतो. मोटार फिरूं लागली कीं ती स्वतःच उलट दिशेचा विद्युत्‌दाब निर्माण करते, आणि त्यामुळें तिच्यांतून जाणारा प्रवाह आटोक्यांत राहतो. अडकून बसलेल्या मोटारींत हा अटकाव मुळींच नसतो. प्रवाह वाढतो, आणि तो दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते. वेटोळ्यांच्या बारीक तारेवरील वार्निश करपलें म्हणजे एरवीं अर्ध्या तासांत सुधारणारें इंजिन कायमचें निकामी होतें. म्हणून जाणता कारागीर वीज सर्वांत शेवटीं आणतो. आरंभीं तो बोटांनीं तपासतो.

ही तपासणीही बेतानें करावी लागते. या इंजिनांत मोटारीच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असून ते चाकाच्या दंतचक्राला फिरवितात. मोटारीनें चाक फिरतें, परंतु चाकानें मोटार फिरत नाहीं. चाकें जोर लावून फिरवूं पाहणारा मनुष्य दांते मोडून ठेवतो. टोपण काढून आंतील आर्मेचर बोटाच्या टोंकानें हलकेंच फिरविलें कीं अडचण कोठें आहे तें समजतें.

बहुधा अडचण जुन्या तेलाचीच असते. वंगणासाठीं घातलेलें तेल हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून डिंकासारखें घट्ट होतें, आणि ज्यानें चाक सैल ठेवायचें तेंच त्याला जखडून टाकतें. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटाचा हात लावून तें काढावें लागतें. मात्र स्पिरिट रंगालाही सोडीत नाहीं, याचें भान ठेवावें लागतें. कम्युटेटरच्या तांब्याच्या तीन पाकळ्यांमधील फटींत ब्रशांची काळी पूड सांचलेली असते. ती लांकडी काडीनें कोरून काढतात. कार्बनचे ब्रश झिजले असल्यास किंवा त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या असल्यास नवे घालतात. हें झाल्यावर प्रत्येक बेअरिंगला पातळ तेलाचा एकच थेंब द्यावयाचा. तेल कम्युटेटरवर गेलें कीं पुडीशीं मिसळून तेथें काजळी धरते, आणि सारी मेहनत वायां जाते.

इतकें करूनही इंजिन तापत असेल आणि डबे ओढीत नसेल, तर संशय लोहचुंबकावर जातो. चुंबकाची शक्ति घटली कीं मोटार अधिक प्रवाह खाते व कमी जोर देते. आर्मेचर बाहेर काढून चुंबक उघडा ठेवल्यानें हा दोष कित्येकदां दुरुस्तीच्या वेळींच उत्पन्न होतो. म्हणून चुंबकाच्या दोन टोंकांवर लोखंडाचा तुकडा ठेवण्याचा प्रघात आहे. क्षीण झालेल्या चुंबकाला पुन्हां शक्ति देतां येते.

एका रोगाला मात्र उपाय नाहीं. या इंजिनांचे सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असत. त्या धातूंत शिशाचा अत्यल्प अंश जरी मिसळला, तरी दमट हवेंत तो वर्षानुवर्षें आंतून कुजत जातो. युद्धापूर्वीच्या पुष्कळ इंजिनांत हा दोष आढळतो. प्रथम केसासारख्या चिरा पडतात, मग ओतीव भाग फुगतो, आंस जखडतात, आणि शेवटीं बिस्किटासारखा तुकडा हातांत येतो. चिरा दिसूं लागलेल्या इंजिनाला बळेंच धांवविण्यांत शहाणपण नाहीं. त्याला कोरड्या, थंड जागीं कांचेच्या कपाटांत ठेवावें, किंवा त्याचा सांगाडा नवा बसवावा. सांगाडा बदलला म्हणजे इंजिन धांवतें खरें, पण मूळ वस्तूचा मोठा भाग नाहींसा होतो. यांपैकीं काय राखावयाचें, हें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें; आणि तें स्क्रू सोडविण्यापूर्वीं ठरलेलें बरें.

ज्याचा सांगाडा निरोगी आहे, त्याला अखेर वीज मिळते. प्रथम थोडा दाब, एकट्या इंजिनाला, पाव तास पुढें आणि पाव तास मागें. मध्यंतरीं मोटारीवर बोट ठेवून ती किती तापली तें पाहावयाचें. आरंभीं तें अडखळतें, वळणावर थांबतें, थोडा करपट वास येतो. नंतर आवाज एकसारखा होतो, आणि मग मागें डबे जोडावयास हरकत नसते. यापुढें महिन्यां-दोन महिन्यांनीं त्याला दहा मिनिटें फिरवून आणलें, तर तेल पुन्हां गोठण्यास अवसर मिळत नाहीं, आणि पेटीच्या झांकणावर धूळही बसत नाहीं.