चक्का, कर्ज आणि बंद पडलेला कारखाना
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मला सांगण्यात आलं होतं की, "काका, बँकेतले अनुभव सांगा." पण निवृत्त बँकवाल्याचे अनुभव म्हणजे सेटलमेंट आणि बदल्या. त्यात कोणाला रस असणार? म्हणून आज एका कर्जदाराबद्दल बोलतो. तो आपल्या देशातला नाही, आणि त्याला कर्जही मी दिलेलं नाही. पण आपल्या सोसायटीत डबे, मसाले, दिवाळीचा फराळ करणाऱ्या चार-पाच जणी आहेत, आणि त्यांच्यापैकी एकीने मला लिफ्टमध्ये विचारलं होतं की, "काका, ऑर्डरी वाढल्यात, गाळा घेऊ का? कर्ज काढू का?" लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यापर्यंत जेवढं उत्तर देता येतं तेवढं दिलं. बाकीचं आज देतो.

माणसाचं नाव हमदी उलुकाया. जन्म १९७२चा, तुर्कस्तानातल्या कुर्द कुटुंबातला. घरात शेळ्या-मेंढ्या, दूध, चीज, दही. माझ्या मुलाच्या वयाचा आहे, म्हणून एकेरीत बोलतो. १९९४ साली हा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात आला तो इंग्रजी शिकायला. पुढे वडील भेटीला आले, त्यांना तिथलं चीज काही पसंत पडेना. तूच का करत नाहीस, असं ते म्हणाले. वडिलांचं ऐकून २००२ साली त्याने फेटा चीजचा छोटा कारखाना काढला. तो जेमतेम चालला. वडिलांचे सल्ले बहुतेक वेळा असेच जेमतेम चालतात, हे इथले वडील मान्य करणार नाहीत.

२००५ साली टपालाने आलेल्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात त्याला एक कागद दिसला : दह्याचा कारखाना विकणे आहे, यंत्रसामग्रीसह. त्याने तो कचऱ्यात टाकला, आणि नंतर पुन्हा उचलला. कारखाना साउथ एडमेस्टन नावाच्या खेड्यात, ऐंशीहून अधिक वर्षं जुना. क्राफ्ट ही बलाढ्य कंपनी तो बंद करत होती. पंचावन्न कामगार घरी जाणार होते. किंमत सात लाख डॉलर. वकिलाने त्याला सांगितलं की, एवढी मोठी कंपनी ज्या धंद्यातून बाहेर पडते त्यात तू कुठे शिरतोस? शिवाय तू माझीच फी दिलेली नाहीस. वकील चुकीचं बोलत नव्हता. मी त्या टेबलावर असतो तर माझ्याही कपाळाला आठ्या पडल्या असत्या.

पण तिथे लघुउद्योगांसाठी सरकारची एक संस्था आहे, एसबीए. तिच्या योजनेतून कर्ज मिळालं. अशा योजनांत जोखमीचा काही भाग सरकार उचलतं, म्हणून बँक पुढे येते. आपल्याकडेही २००० सालापासून सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी कर्जहमी योजना आहे. तारण नाही म्हणून गप्प बसलेल्या ताईंनी तिची चौकशी जरूर करावी. शाखेत गेल्यावर टेबलावरचा माणूस "साहेब रजेवर आहेत" म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत जावं.

आता कारखाना हातात आला. आपल्यापैकी तीन-चार जणांनी स्वतःच्या कंपनीचं गेट बंद झालेलं पाहिलं आहे. कुलूप लागलं की यंत्रांचा लिलाव होतो, जागेचा टॉवर होतो, आणि तीस वर्षं त्या यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस कुठल्यातरी बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन होतो. त्या माणसाच्या डोक्यातलं ज्ञान कुठल्याच बॅलन्सशीटमध्ये नसतं, म्हणून त्याचा लिलावही होत नाही, ते नुसतं वाया जातं. उलुकायाने जुन्या कामगारांतले चार-पाच जण परत घेतले. मोठ्या योजना नव्हत्याच. पहिलं काम काय, तर भिंतींना रंग. मालक आणि कामगार मिळून रंगवत होते. तेवढ्यात तुर्कस्तानातून दह्याचा एक उस्ताद आणला, आणि पुढचं सुमारे दीड वर्ष फक्त कृती जमवण्यात गेलं.

दही कसलं? आपल्या भाषेत सांगायचं तर चक्क्याच्या जवळपासचं. फडक्यात बांधून पाणी काढलेलं घट्ट दही, फक्त श्रीखंडासारखी साखर नाही. अमेरिकेत ते महागड्या दुकानांत 'ग्रीक योगर्ट' म्हणून मिळत होतं. याने नाव ठेवलं चोबानी. तुर्की भाषेत 'चोबान' म्हणजे मेंढपाळ. ऑक्टोबर २००७ मध्ये पहिला माल लाँग आयलंडवरच्या एका किराणा दुकानात गेला.

इथून पुढचं नीट ऐका, कारण खरी बँकिंगची गोष्ट इथे आहे. त्याने हट्ट धरला की माझं दही परदेशी खास वस्तूंच्या कोपऱ्यात ठेवायचं नाही, रोजच्या दुधा-दह्याच्या फडताळातच ठेवायचं. तिथली मोठी दुकानं फडताळावर जागा देण्यासाठी आगाऊ पैसे मागतात. याच्याकडे रोकड नव्हती. त्याने सांगितलं, पैसे नाहीत, दही घ्या, विकलं जाईल तसं वळतं करून घ्या. किंमतही आजच्या खर्चावर नाही, उद्या माल भरपूर खपेल तेव्हाच्या खर्चावर धरली. हे धाडस आहे, पण आंधळं नाही, कारण त्याआधी दीड वर्ष मालावर घालवलेलं होतं. आपल्याकडे उलटं होतं. ब्रोशर आधी, माल नंतर. डब्यावरचा ग्राहकांसाठीचा फोन नंबरही सुरुवातीला त्याचा स्वतःचा होता. तक्रार थेट मालकाच्या कानात.

भागीदार, गुंतवणूकदार कोणी घेतले नाहीत. बँकेचं कर्ज आणि स्वतःची कमाई यावरच वाढला. पाच वर्षांत विक्री एक अब्ज डॉलरवर गेली.

लघुउद्योगांच्या खात्यांवर बसून मी एक पाहिलं आहे. मंदीत बुडालेल्या युनिटांची सगळे चर्चा करतात, पण ऑर्डरबुक भरलेलं असताना बुडालेली युनिटं कमी नसतात. माल दुप्पट करायचा म्हणजे कच्चा माल रोखीने, आणि येणं उधारीत. दूधवाला आठवड्याला पैसे मागतो, दुकानदार दोन महिन्यांनी देतो. मधलं अंतर कोण भरणार? आणि हा फक्त पैशाचा भाग झाला. दहा किलोचा मसाला तुम्ही स्वतः चाखून बघता. दोनशे किलोचा कोण चाखणार?

उलुकायालाही हा प्रश्न पडलाच. डिसेंबर २०१२ मध्ये आयडाहो राज्यात ट्विन फॉल्सला त्याने जगातला सर्वांत मोठा म्हणून गाजलेला दह्याचा कारखाना उघडला, सुमारे ४५ कोटी डॉलर खर्चून. सप्टेंबर २०१३ मध्ये तिथल्या मालात बुरशी निघाली. डबे फुगले, ग्राहक ओरडले, माल परत मागवावा लागला. एका माणसाच्या जिभेवर चालणारी गुणवत्ता आता तपासणीच्या पद्धतीवर, नोंदींवर, अनुभवी व्यवस्थापकांवर न्यावी लागली. पैशाची ओढाताणही झाली. २०१४ मध्ये टीपीजी नावाच्या गुंतवणूक कंपनीकडून ७५ कोटी डॉलर घ्यावे लागले, आणि त्याबरोबर कंपनीतला हिस्सा पुढे मिळण्याचा हक्कही द्यावा लागला. बाहेरच्यांना न घेण्याची इतक्या वर्षांची शिस्त तिथे मोडली. एवढी मोठी उडी एका दमात घेतली नसती तर ही वेळ आली असती का, मला शंका आहे.

जाता जाता दह्याच्या पाण्याचं सांगतो. चक्का बांधला की निवळी उरते. घरी आपण ती कढीत किंवा कणकेत वापरतो. पण टँकर भरभरून निवळी निघाली तर नदीत सोडून चालत नाही. ती शेतकऱ्यांना जनावरांसाठी, शेतासाठी द्यावी लागली. ताई, गाळा बघायला जाल तेव्हा भाडं विचारण्याआधी सांडपाणी कुठे जातं ते विचारा.

कामगारांचं एक राहिलं. यूटिका शहरात निर्वासितांचं पुनर्वसन चालतं. त्या लोकांना भाषा येत नव्हती, गाड्या नव्हत्या. याने बस लावली, दुभाषी दिले आणि कामावर घेतलं. तो स्वतः परक्या मुलखातून आलेला, त्यामुळे त्याला हे सुचलं. पण मालकाला सुचलं तरी रोज सकाळी बस वेळेवर आली पाहिजे, ही व्यवस्था कोणाला तरी बघावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये त्याने सुमारे दोन हजार कामगारांना कंपनीतला दहा टक्क्यांपर्यंतचा हिस्सा दिला.

मागे एका बैठकीत हे सांगितल्यावर एकाने विचारलं, "त्या कामगारांच्या हातात रोख किती आली?" प्रश्न योग्य आहे. हिस्सा कागदावर असतो, कंपनी बाजारात येते किंवा विकली जाते तेव्हाच त्याचे पैसे होतात. चोबानीने २०२१ साली शेअर बाजारात येण्यासाठी अर्ज केला आणि २०२२ मध्ये तो मागे घेतला. म्हणजे थांबणं आलं. पंचावन्न जणांना घरी पाठवणाऱ्या त्या इमारतीत दही मात्र रोज लागतं आहे.

गाळ्याच्या कर्जाचा अर्ज भरायचा असेल तर मी संध्याकाळी सहानंतर घरीच असतो. येताना बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि उधारीची वही घेऊन या.